टेबल नंबर सात

४ मार्च

प्रिय धाकटे,

तुला आशीर्वाद, भाऊजींनाही, आणि लेकीला, कितीही मोठी झाली तरी, एक पापी. इकडे सगळं बरं आहे. ह्यांचा गुडघा आहे तसाच आहे. डॉक्टर म्हणतात रोज चाला, हे डॉक्टरांना म्हणतात तुम्हीच चाला. स्वयंपाकघराची खिडकी अखेर बदलून घेतली. नवी इतकी घट्ट बसते की समोरच्या घरातली भांडणं आता ऐकू येत नाहीत. तेवढाच काय तो तोटा.

तू पाठवलेले पडदे लावले. माप न घेता इतके बरोबर कसे बसले कोण जाणे. शेजारीण आली, पडद्याला हात लावून बघत उभी राहिली आणि म्हणाली, "कुणी शिवले हो?" सांगितलं, जावेनं. मग पाऊण तास तुझंच कौतुक. चहा माझा, कौतुक तुझं. हे आपलं जुनंच आहे म्हणा.

बरं, खरी बातमी. आपल्या मोटार कंपनीला या वर्षी शंभर वर्षं होतात. बाहेरचे लोक गाडीचं ते लांबलचक नाव घेतात, पण आपण सगळ्या बोनेटवरच्या पक्ष्यामुळे तिला बगळाच म्हणायचो, आठवतं ना? आता शंभरीनिमित्त जाडजूड पुस्तक निघतंय. अर्धा भाग कंपनीचा इतिहास, अर्धा भाग गाडीमालकांचे अनुभव. ते लिहिणारी एक मुलगी मागच्या आठवड्यात घरी आली होती. नाव सांगितलं होतं तिनं, मी मनातल्या मनात तिला पुस्तकवालीच म्हणते. हुशार आहे, पण सारखी मान डोलावते. आपण काही बोललोच नाही तरी डोलावते.

तिच्याकडून कळलं ते मला इतकी वर्षं तिथे काढून माहीत नव्हतं. कंपनीचे पहिले मालक आणि त्यांचा भाऊ मिळून घोडागाड्या बनवायचे. एकाला इंजिन बसवायचं होतं, दुसऱ्याला घोडे सोडवेनात. वाटण्या झाल्या. मालक पहिली मोटार हाकून घरी आले तेव्हा तळहाताला फोड आले होते, म्हणून त्यांच्या बायकोनं जुनं खोगीर उसवून त्याचं चामडं स्टिअरिंगवर शिवून दिलं. तेव्हापासून बगळ्याचं स्टिअरिंग हातानंच शिवतात. तो भाऊ मात्र दर वर्षी कारखान्याच्या फाटकाशी यायचा, नवी गाडी बाहेर पडताना बघायचा आणि म्हणायचा, "आवाज फार करते." एवढंच बोलून परत जायचा. पुस्तकवालीला ते गमतीचं वाटलं. मला तो माणूस लगेच कळला.

तर त्या पुस्तकात एक पान आपल्या शिवणहॉलवर आहे आणि त्यासाठी फोटोला मला निवडलंय. सॅम्पल रूममध्ये नमुने शिवायला बावीस वर्षं होते म्हणून असेल. शिवाय गाडीच्या कुणा मालकिणीचं एक जुनं पत्र फायलीत सापडलं म्हणे, शिवणाची तारीफ करणारं. त्याचा काहीतरी संबंध आहे. मला नीटसं ठाऊक नाही.

तुला बोलावलं नाही याचं मनाला लावून घेऊ नकोस. तू फार थोडी वर्षं होतीस तिथे. ह्यांनी मात्र बातमी ऐकल्या ऐकल्या विचारलं, "आणि धाकटीला?" माझं अभिनंदन त्यानंतर.

तुझं दुकान जोरात चाललंय असं भाऊजी फोनवर म्हणत होते. तीन मशिनं झाली म्हणे. छान.

तुझी,
ताई

---

१९ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं चार पानी उत्तर मिळालं. मी दोन लिहिली की तू चार लिहिणार. मी निवडले गेले म्हणून तू दुकानातल्या सगळ्यांना गोड खाऊ घातलंस हे वाचलं. "तुझं काम होतंच तसं, ताई, कुणीतरी ओळखायलाच हवं होतं," हेही वाचलं. ते वाक्य मी ह्यांना वाचून दाखवलं नाही. पत्र घडी करून ठेवून दिलं आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी पुन्हा घासली, असं नंतर लक्षात आलं.

तू थोडी तरी जळशील असं मला वाटलं होतं. खरं सांगू, वाट बघत होते.

पुस्तकवाली पुन्हा येऊन गेली. मालकांचे अनुभव वाचून दाखवत होती. काय एकेक लोक असतात! एका लाकूडवाल्यानं एकाच दिवशी दोन बगळे घेतले, एक फिरवायला आणि एक भावाच्या दारासमोर उभा करून ठेवायला. एक नटी घटस्फोटात घर, दागिने सगळं नवऱ्याला देऊन फक्त गाडी घेऊन निघाली, आणि त्याच गाडीत तीन दिवस राहिली. एक निवृत्त न्यायाधीश स्वतः गाडी धुतात आणि जावयाला पुढच्या सीटवर बसू देत नाहीत. पुस्तकवाली म्हणाली, "लोक गाडीबद्दल सांगायला बसतात आणि घरातलंच सांगतात." मी म्हटलं, मग आणखी कशाबद्दल सांगणार?

हॉलबद्दल तिनं बरंच विचारलं. शिकवलं कसं, शिकले कसे. मग मला तुझे पहिले दिवस आठवले. लग्न होऊन चार महिने झाले होते तुला, आणि मीच सासूबाईंना म्हटलं होतं की हिला माझ्याबरोबर कामाला नेते. माझ्या शेजारचं टेबल तुला मिळवून दिलं. मी सहावर, तू सातवर. आरीनं भोक कसं पाडायचं, मेण लावलेला दोरा दोन सुयांत कसा ओवायचा, टाका ओढताना श्वास कसा धरायचा, सगळं मी शिकवलं. तू सुई डाव्या हातात धरायचीस. मी तुझ्या डाव्या हाताला रुमाल बांधून ठेवला होता, आठवतो? आठ दिवस. तू हसत होतीस, आणि नवव्या दिवशी हॉलच्या मास्तरांनी येऊन स्वतःच तो रुमाल सोडला. म्हणाले, "शिवू दे तिला तिच्या हातानं."

सहा महिन्यांत तू माझ्या पुढे गेलीस. हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. तू बोलण्यानं किंवा हसण्यानं सगळ्यांना जिंकलंस ते एक वेळ मी सोसलं असतं. सासूबाईंनी कपाटाच्या किल्ल्या तुझ्याकडे ठेवल्या तेही सोसलं. पण तो टाका! माझे टाके सरळ, एकसारखे, शिस्तीत. तुझे किंचित तिरके, उलट्या बाजूला झुकलेले, आणि तरी बोट फिरवलं तर वाटायचं की चामडं आधीपासूनच तसं होतं. मी शिफ्ट सुटल्यावर मुद्दाम मागे राहून तुझ्या टेबलावरच्या स्टिअरिंगवरून बोट फिरवायचे. कुठे तरी चूक सापडावी म्हणून.

कार्यक्रम तीस तारखेला आहे. ती पत्र लिहिणारी मालकीण स्वतः येणार आहे. पूर्वी मोठ्या इस्पितळात सर्जन होत्या, आता ऐंशीच्या आहेत. तीच गाडी अजून चालवतात. ज्या हातांनी स्टिअरिंग शिवलं ते हात बघायचेत म्हणाल्या.

मला चार दिवस झोप नाही. वयाचं असेल.

ताई

---

२ एप्रिल

प्रिय धाकटे,

हे पत्र तातडीच्या टपालानं पाठवतेय, कारण ते तुला बुधवारपर्यंत मिळायला हवं. उभ्यानं वाचू नकोस. मशीन बंद कर आणि बस.

आत दुसरा एक लिफाफा आहे, पिवळा पडलेला. माझं वाचून झाल्यावर उघड असं लिहिणार होते, पण तो तुझाच आहे. तुला हवा तेव्हा उघड.

तीस तारखेला शिवणहॉलमध्ये सगळे जमले होते. हॉल आता ओळखू येत नाही. पन्नास टेबलांची जागा मशिनांनी घेतली, हातशिलाईची चार टेबलं कोपऱ्यात काचेमागे ठेवलीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायला. मध्यभागी ती गाडी आणून उभी केली होती. गडद हिरवी. चौतीस वर्षांची आहे हे सांगूनही खरं वाटत नव्हतं. पुस्तकवाली मला नको तितकी पावडर लावत होती. साहेबांनी भाषण केलं, घोडागाडी, खोगीर, सगळं झालं. मग त्या सर्जनबाई आल्या. बारीकशा, पाठीचं किंचित कुबड, पण चाल अशी की समोरचा आपोआप बाजूला होतो. मला म्हणाल्या, "या, आत बसू."

आम्ही दोघी पुढच्या सीटवर बसलो. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवला आणि अंगठा शिवणीवरून फिरवायला लागल्या. म्हणाल्या, "माझ्या हातून पेशंट गेला ना, की मी लगेच घरी जात नसे. इस्पितळाच्या आवारात गाडीत बसून राहायची. काच वर करायची आणि इथून इथपर्यंत असा अंगठा फिरवायची. एकही टाका घाईत घातलेला नाही. मग वाटायचं, उद्या पुन्हा हातात सुई घेता येईल." पुढे म्हणाल्या, "एकदा माझं सहा वर्षांचं पोर गेलं. माझं म्हणजे पेशंट. त्या दिवशी दोन तास बसले होते."

मी मान डोलावली. पुस्तकवालीसारखी.

मग फोटोवाला आला. मला म्हणाला, हातात सुई धरा, शिवताय असं दाखवा. मी सुई धरली. पंचेचाळीस वर्षांची सवय, दुसरं काय होणार. फोटो निघाले. बाई माझ्या हाताकडे बघत होत्या. सगळे चहाला गेले तेव्हा त्यांनी गाडीचं दार आतून लावून घेतलं आणि अगदी हळू विचारलं,

"तुम्ही उजव्या हाताच्या."

"हो."

"हे डाव्या हातानं शिवलंय. मीही डावखुरी आहे. शिकताना माझ्या बोटांवर पट्टी मारायचे, डाव्या हाताचा सर्जन नको म्हणायचे. गाडी घरी आली त्या दिवशीच हा टाका ओळखला मी. म्हणून तर पत्र लिहिलं. मग कोण ती?"

धाकटे, त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर आली. पहिल्यांदा आला तो मत्सर. कारण "कोण ती" म्हणताना त्यांची नजर माझ्यावरून निघून गेली, जणू त्या सीटवर कुणी नव्हतंच, आणि तू तिथे नसताना तिथे बसलीस. आयुष्यभर हेच झालंय. तू खोलीत नसलीस तरी लोक तुझीच वाट बघतात.

आता ते पत्र. चौतीस वर्षांपूर्वी तू बाळंतपणाच्या रजेवर होतीस. गाडीबरोबर जे कार्ड जायचं त्यावर टेबलाचा शिक्का असायचा, म्हणून बाईंनी लिफाफ्यावर नाव न लिहिता "शिवणहॉल, टेबल नंबर सात" असं लिहिलं होतं. ऑफिसनं ते उघडून नक्कल करून ठेवली आणि मूळ पत्र मास्तरांकडे दिलं. मास्तर मला म्हणाले, "तुमच्या जावेचं आहे. घरी जाऊन द्या, खूश होईल." मी पर्समध्ये टाकलं. देणारच होते, शपथेवर सांगते. घरी आले तर सासूबाई कुणाला तरी सांगत होत्या, "थोरली कष्टाळू आहे हो, पण धाकटीच्या हातात काही वेगळंच आहे." मी दाराशी चपला काढत होते. म्हटलं, उद्या देऊ. आज नको. आज मी तुला आणखी काही देऊ शकणार नाही.

उद्याचे आठ दिवस झाले. मग पत्र कपाटात, घड्यांच्या खाली.

चार महिन्यांनी सॅम्पल रूमची जागा निघाली. तुझी रजा वाढली होती आणि तुझ्या टेबलाला उजेड चांगला म्हणून मला सातवर बसवलं होतं. मास्तर तोवर निवृत्त झाले होते. तेव्हाचे साहेब पत्राची नक्कल हातात घेऊन हॉलमध्ये आले आणि म्हणाले, "टेबल नंबर सात तुम्हीच ना?" मी म्हटलं, "हो." इतकंच. इतकी वर्षं मी स्वतःला हेच समजावत आलेय की मी खोटं बोलले नाही, त्या दिवशी सातवर मीच बसत होते.

सॅम्पल रूममध्ये पाठ टेकायची खुर्ची होती आणि मोठी खिडकी होती. तू परत आलीस तेव्हा हातशिलाईची टेबलं कमी झाली होती. तुला मशीनच्या लाइनवर टाकलं. वर्षभरात तुझा खांदा गेला. मी खिडकीतून तुला बघायचे, तू खांदा दाबत पाणी प्यायला जायचीस आणि माझ्याकडे बघून हात हलवायचीस. डावा हात.

नोकरी सोडलीस त्या दिवशी तू माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणालीस, "इतके हात चालवले, ताई, कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही." रडत नव्हतीस. नुसतं सांगत होतीस. पत्र माझ्या पाठीमागच्या खोलीत होतं, दहा पावलांवर. मी म्हटलं, "होतं असं." आणि तुला चहा दिला.

तुम्ही लोक हे गाव सोडून गेलात तेव्हा मला हलकं वाटलं, हेही लिहून टाकते. आता अर्धवट कशाला ठेवू?

गाडीत बसून हे सगळं मी त्या बाईंना सांगितलं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "आहे ना ती? शिवते अजून?" मी म्हटलं, पडदे शिवते, कोट शिवते, तीन मशिनं आहेत. त्यांनी वही पुढे केली. म्हणाल्या, "पत्ता लिहा." मी लिहिला. घराचा नंबर चुकीचा लिहिला. विसरले म्हणून नाही. त्या बघत होत्या की नाही ठाऊक नाही, पण मी तो खोडला आणि बरोबर लिहिला. वहीत ते खोडलेलं दिसेल तुला.

दुसऱ्या दिवशी पुस्तकवालीकडे जाऊन तेच पुन्हा सांगितलं. या वेळी तिनं मान डोलावली नाही. वर विचारून सांगते म्हणाली. काल फोन आला. असलं काही शंभरीच्या पुस्तकात नको, असं साहेबांचं मत पडलं. शिवणहॉलचं पानच काढलं. तिथे आता पहिल्या घोडागाडीचं चित्र येणार. म्हणजे तुझं नावही नाही आणि माझा फोटोही नाही. मी तिला दोनदा विनवलं की माझं काढा, तिचं घाला. ती म्हणाली, "माझ्या हातात नाही, काकू." मी तुझं जे घेतलं ते तुला परत मिळवून द्यायलाही मला जमलं नाही.

ह्यांनाही सांगितलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी म्हणाले, "पत्र टाकायला मी जातो, तुझ्यावर भरवसा नाही." गुडघा घेऊन टपालापर्यंत जाणार आहेत.

बाई गुरुवारी सकाळी तुझ्याकडे येताहेत. गाडी त्यांचा भाचा चालवणार, पण शेवटचं वळण आपण घेणार असं म्हणाल्या. हिरवी गाडी तुझ्या दुकानासमोर उभी राहील, गल्ली गोळा होईल. मी त्यांना विनंती केली होती की मला आधी लिहू द्या. हे त्यांच्या तोंडून कळलं असतं तर तू त्यांच्यासमोर माझी बाजू घेतली असतीस. तुला मी ओळखते. तसं करू नकोस.

मलाही बरोबर या म्हणाल्या होत्या. मी नाही म्हटलं. तू त्या स्टिअरिंगवर हात ठेवशील तेव्हाचा तुझा चेहरा मला बघवणार नाही, आणि तो न बघितल्याचंही मला सलेल.

एक मागणं आहे. मला लगेच माफ करू नकोस. तू करशील, आणि माझ्यापेक्षा फार छान करशील, चार पानं भरून, आणि मी पुन्हा तुझ्या मागे पडेन. त्यापेक्षा रागाव. भाऊजींना सांग, लेकीला सांग, आदळआपट कर. वर्षभर पत्र लिहू नकोस. मग कधी वाटलं तर लिही, अर्धं पान लिही.

आता हे पाकीट बंद करते. हे चपला घालून दाराशी उभे आहेत.

तुझा हेवा अजून गेलेला नाही, तो जवळ ठेवूनच खरं लिहिलं आहे,

तुझी थोरली जाऊ